जांभळे बूट

बूट पुन्हा दिसले तेव्हा सुहास गमरे पालीजवळच्या रस्त्याची बातमी वाचत होता. रस्त्याचं काम चालू, वाहतूक आतून वळवलेली, आणि मुलगी तेजल उद्या पुण्याहून त्याच रस्त्यानं येणार, म्हणून तो दुपारचं जेवण आटपून कॉम्प्युटरपाशी बसला होता, चष्मा कपाळावर ढकलून, नाक जवळजवळ पडद्याला लावून. बातमीच्या उजव्या अंगाला आधी एक पांढरी चौकट आली, मग तिच्यात हळूहळू रंग भरला, आणि बघतो तर तेच. जांभळे बूट, पांढऱ्या तळव्याचे, नाडी पिवळी. खाली लिहिलेलं, अजून मनात आहे? सुहासच्या काळजात धस्स झालं. बूट दिसले म्हणून नव्हे. बूट गेले कित्येक महिने दिसतच होते. पण आता ते त्यानं आणले होते. आणून, खोक्यातून काढून, नाडी ओवून, प्रभावतीच्या फोटोखालच्या स्टुलावर दिवसभर ठेवून मग माळ्यावर टाकले होते. बायकोला जाऊन वर्ष होत आलं, तिची राहिलेली एक हौस आपण पुरी केली, आता तरी तिनं निवांत व्हावं, एवढीच त्याची अपेक्षा. तर हे पुन्हा समोर. "मग आता काय पाहिजे तुला?" असं तो पडद्याला म्हणाला, आणि म्हटल्यावर दचकून त्यानं खिडकीकडे बघितलं, कारण खिडकीपलीकडे यमुनाबाईंचं परसदार, आणि यमुनाबाईंच्या कानाला भिंत आड येत नाही.

आता सुहास गमरे हा काही भुताखेतांना भिणारा माणूस नव्हे. उलट, मांडवीत कुणाच्या दारात उतारा सापडला तर तो पायानं उडवायला लोक यालाच हाक मारायचे. उभी हयात कॉलेजच्या ऑफिसात फायली चाळण्यात गेली, आणि रविवारची सकाळ विहारात, पोरांना वंदना शिकवून झाली की भानामती, चेटूक, अंगात येणं यांची सालटी काढण्यात. "माणूस गेला की दिवा विझला. विझलेला दिवा कुठल्या दिशेला गेला असं कुणी विचारतं काय?" हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि पोरं ते त्याच्याआधीच म्हणून टाकायची. प्रभावती मागे बायकांत बसून हसायची. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती, पोरांची आणि नवऱ्याची थापेबाजी ओळखण्यात तिची हयात गेलेली. एकदा भर विहारात तिनं सांगून टाकलं होतं, "घरात पाल चुकचुकली की हे हळूच टिचकी वाजवतात हो." सगळा विहार हसला आणि सुहासही हसला, कारण ते खरंच होतं. तीच प्रभावती गेल्या माघात शाळेतून आली, तांब्याभर पाणी प्यायली, डोकं ठणकतंय म्हणाली आणि पलंगावर आडवी झाली ती उठलीच नाही. मेंदूतली शीर फुटली म्हणाले डॉक्टर. असेल. सुहासला त्यातलं एवढंच समजलं की तिच्याशी शेवटचं काही बोलायचं राहून गेलं, आणि ते काय होतं हेही आठवत नाही, कारण ती आडवी झाली तेव्हा तो पेपर वाचत होता.

सगळं रीतीप्रमाणे झालं. बौद्धाचार्य आले, त्रिशरण-पंचशील झालं, नंतर पुण्यानुमोदनाला अंजनवेलीहून तिच्या माहेरची माणसं आली, पांढऱ्या कपड्यांनी घर भरून गेलं. गर्दी पांगल्यावर यमुनाबाई परसातून आत आल्या आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून म्हणाल्या, "भावजी, तुमच्यात कावळ्याला ठेवत नाहीत ता म्हायत हाय मला. पण बाई अशी तडकाफडकी गेली. कायतरी इच्छा राहिली असंल. सांगितलान होतं काय तिनं?" सुहास शांतपणे म्हणाला, "आमच्यात कावळा नसतो, यमुनाबाई." बाईंचा शेजार इतक्या वर्षांचा की राग येण्याचा प्रश्नच नव्हता. पण बोलणं माशाच्या काट्यासारखं घशात अडकून राहिलं. भात गिळून बघितला, पाणी पिऊन बघितलं, काटा काही जाईना. इच्छा राहिली असेल. कसली? तीसेक वर्षं एका ताटात नाही तरी एका पंक्तीत जेवलेली बाई, तिला काय हवं होतं हे आपल्याला ठाऊक असायला हवं होतं, आणि आपण तर तिच्या चहात साखर किती तेही तिच्याच हातून बघितलेलं.

आणि मग श्रावणात, एका दुपारी, हे बूट आले. कॉम्प्युटर तसा तिचाच. शाळेची माहिती भरायला म्हणून घेतलेला, पुढे तिचा सगळा जीव त्यात. वैशाखात वीज पडली तेव्हा तो जळाला होता, मग वाडीतल्या केरूनं दुकानात नेऊन आतली डिस्क बदलून दिली, "जुनं काय वाचलं नाय काका," म्हणाला, आणि सुहास म्हणाला असू दे, फोटो तेजलच्या फोनात आहेत. त्यानंतर तो स्वतःच त्याच्यावर बसायला लागला, करायचं काय घरात एकट्यानं. तर श्रावणातल्या त्या दुपारी कसलीशी बातमी वाचताना बाजूला बूट आले, आणि सुहासच्या अंगावर काटा उभा राहिला, कारण ते बूट त्यानं ओळखले. गेल्याच्या गेल्या दिवाळीत ती याच खुर्चीत बसून म्हणाली होती, "अहो, हे बघा तरी." गुडघे धरले होते तिचे, डॉक्टर म्हणाला होता चालताना चपला नकोत, बूट घाला. तो पलंगावरून मान लांब करून म्हणाला होता, "जांभळे? जांभळं विकायला बसणार की काय?" ती इतकी हसली होती की तिला ठसका लागला. नंतर विषय निघाला नाही. ती सुकतीच्या, ओहोटीच्या वेळी चपलेनंच जात राहिली, मांडवीच्या काळ्या वाळूत, पाणी मागे हटलं की ओल्या वाळूवरून टोकापर्यंत आणि परत. खाडीच्या तोंडावरच्या गावची पोर ती, तिच्या आईनं सुकतीला खाजणातल्या चिखलात तिसऱ्या-शिंपल्या वेचून घर चालवलेलं, तिला घड्याळापेक्षा पाण्याची वेळ जास्त कळायची. तरी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी कॉम्प्युटरवर कसलंसं पान उघडून ती ती वेळ बघायची आणि मोठ्यानं सांगायची, "आज सुकती पाचला हां." कुणाला सांगायची कोण जाणे. सुहास पलंगावरून म्हणायचा, "बरं." कानावर पडायचं, आत जायचं नाही.

ती गेली आणि तिचे बूट आले. सुहासला आधी राग आला, मग हसू आलं, आणि मग, इथे त्याचा पाय घसरला, बरं वाटलं. अख्ख्या रत्नागिरीला कळलं होतं की प्रभावती बाई गेल्या. शाळेत दुसरी शिक्षिका आली, पेन्शनच्या खिडकीत तिच्या नावापुढे कैलासवासी लिहिलं, मग त्यानं हटकल्यावर ते खोडून कालकथित लिहिलं. विहारात बायकांत तिची जागा दुसऱ्या कुणी घेतली. एका या कॉम्प्युटरला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. तो बापडा अजून तिला विचारत होता, अजून मनात आहे का. सुहासनं बुटावर बोट दाबलं. बुटामागोमाग मोजे आले, मोज्यांमागोमाग गुडघ्याचा पट्टा, मग उन्हाची रुंद काठाची टोपी, आणि सुहास तोंडात बोट घालून बघतच राहिला. हिला टोपी हवी होती? बोलली नाही कधी. मग लाल रंगाची किटली आली, मग घडीची चटई, मग एके दिवशी अंदमानची सहल, निळंशार पाणी आणि त्यात पाय सोडून बसलेली कुणी बाई, पाठमोरी. सुहास त्या पाठीकडे कितीतरी वेळ बघत राहिला. बघता बघता त्याच्या मनात एक वेगळीच प्रभावती तयार झाली, टोपी घालणारी, जांभळे बूट घालून फिरणारी, अंदमानला जाऊ म्हणणारी, आपल्याला घाबरून की आपल्या थट्टेला कंटाळून, यातलं काहीच न बोललेली. जिवंतपणी जी कळली नाही ती आता रोज दुपारी थोडी थोडी कळत होती. तो तिच्याशी बोलायचा. "किटली कशाला गो, आपला टोप बरा होता की," असं म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी किटली पुन्हा दिसली की मान डोलवायचा, हट्टी आहेस हो.

मग तो आणायला लागला. एकेक करून. कुरिअरवाला खोकं देऊन जायचा, सुहास ते उघडून वस्तू फोटोखाली ठेवायचा, संध्याकाळपर्यंत थांबायचा, मग माळ्यावर. हार नाही, उदबत्ती नाही, त्या बाबतीत तो पक्का. नुसती वस्तू. आणि दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या कॉम्प्युटर लावायचा, की आज ती वस्तू येत नाही ना. आली नाही तर समाधान झालं. आली तर नाही झालं. हे आपण काय करतो आहोत ते त्याला कळत होतं, न कळायला तो काही दुधखुळा नव्हता. दर्भाचा कावळा करून त्याच्या हातून पिंड शिवून घेणाऱ्यांना त्यानं जन्मभर हसून घेतलं होतं. आता तो स्वतः पडद्यापुढे पान मांडून बसला होता आणि कावळा शिवायची वाट बघत होता. बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघायची त्याला दुपारच्या वेळी लाज वाटायला लागली होती. पण सुटत नव्हतं. आणि कावळाही असा चिवट की शिवेच ना. बूट आणले, तर दोन दिवसांनी तेच बूट. मग त्याला वाटलं माप चुकलं असेल. तिच्या जुन्या चपलेला दोरा लावून माप घेतलं आणि पुन्हा मागवले. तरी बूट आले. मग वाटलं, चपलेपेक्षा बूट एक अंक मोठा लागतो. पुन्हा मागवले. आणि आज, पालीच्या रस्त्याशेजारी, पुन्हा. सुहास खुर्चीतून उठला आणि पडद्यावर टॉवेल टाकून मोकळा झाला. परसात यमुनाबाई कुणाला तरी हाका मारत होत्या, त्याला वाटलं आपल्यालाच.

तेजल दुसऱ्या दिवशी सकाळी आली, रस्त्यानं हाडं खिळखिळी झाली म्हणत. पोरगी आईच्या वळणावर गेलेली, आल्या आल्या घर डोळ्यांनी झाडून काढणारी. पुण्याला ती वेबसाइट तयार करणाऱ्या कंपनीत होती. परवा प्रभावतीचं पहिलं पुण्यस्मरण, माणसं जेवायला येणार, म्हणून मोठं पातेलं काढायला ती स्टूल घेऊन माळ्यावर चढली, सुहास "मी काढतो, मी काढतो," म्हणेपर्यंत. वर काही क्षण आवाज नाही. मग खोकी सरकल्याचा आवाज, आणि मग तेजल खाली उतरली ती दोन्ही हातांत जांभळे बूट घेऊन. "पप्पा, हे कुणाचे?"

"कुणाचे म्हणजे," सुहास म्हणाला, "पायात घालायचे."

"तीन जोड आहेत. तीन मापांचे. आणि टोपी, आणि ती किटली, आणि काय काय." तिचा चेहरा क्षणभर असा झाला की बापाच्या आयुष्यात दुसरी कुणी बाई आली की काय, आणि सुहासला ते दिसलं, आणि अशा वेळीही त्याला हसू आलं. तो म्हणाला, "तुला वाटतंय तसलं काही नाही. त्या कॉम्प्युटरवर येतं. येत राहतं. म्हणून घेतलं." तेजलचा जीव भांड्यात पडला. ती कामातल्या माणसासारखी म्हणाली, "जाहिराती ना? मागेच लागतात त्या. थांबा, तुम्हाला दाखवतेच कोण कोण मागे लागलंय ते." तिनं पडद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्याकडे एकदा नवलानं बघितलं, आणि आईच्या खुर्चीत बसली. सुहास मागे उभा राहिला. त्याला ते थांबवायचं होतं आणि बघायचंही होतं.

तिनं ब्राउजरला एक छोटं एक्स्टेंशन जोडलं. "आपण एखादं पान उघडतो तेव्हा वाटतं, आपण आणि ते पान, दोघंच. तसं नसतं पप्पा. त्या पानाआड बाकीचे बसलेले असतात. कोण आलं, काय बघितलं, कशावर रेंगाळलं, सगळं टिपून घेतात. एरवी ते दिसत नाहीत. हे लावलं की दिसतात." मग आवाज जरा खाली घेऊन म्हणाली, "कामात मी पण लावते हे टिपणारे, लोकांच्या पानांवर. लावावं लागतं." तिनं पालीच्या रस्त्याची बातमी उघडली. शेजारच्या काळ्या चौकटीत एक पांढरं वर्तुळ आलं. "हे ते बातमीचं पान." आणि मग त्याच्याभोवती त्रिकोण उगवायला लागले. एक, मग दोन-चार, मग भराभर. प्रत्येकाची बारीक रेघ वर्तुळाला येऊन चिकटली. तिनं गुडघ्याच्या पट्ट्याचं दुकान उघडलं. दुसरं वर्तुळ आलं, आणि आधीचेच कितीतरी त्रिकोण सरकून दोघांच्या मधे आले, एक हात इकडे, एक हात तिकडे. तिनं आणखी पानं उघडली. रेघांवर रेघा पडत गेल्या, आणि थोड्याच वेळात काळ्या चौकटीत पाग टाकल्यासारखं जाळं पसरलं, हलत, श्वास घेतल्यासारखं थोडं आत, थोडं बाहेर.

सुहास पडद्याजवळ वाकला. दुपारच्या वेळी आपण एकटे इथे बसत होतो, बनियनवर, डोळे पुसत, तिच्याशी बोलत, आणि एवढे सगळे भोवती उकिडवे बसलेले. पण भीती आली तशीच तिच्या पाठोपाठ दुसरीच गोष्ट आली, आणि ती इतकी गोड होती की त्यानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. एवढे जण. एवढे जण तिला ओळखतात. मांडवीत तिचं नाव हल्ली कुणी काढत नाही, लोकांना वाटतं आपल्याला वाईट वाटेल, आणि इथे हे एवढे अजून तिची चौकशी करतायत.

"बघितलंत?" तेजल म्हणाली. "आता हे सगळे एका फटक्यात बंद करते. मग बूट नाहीत, काही नाही." तिनं माऊस नेला. सुहासनं तिचा हात वरच्यावर धरला.

"बंद नको करू."

"का?"

"नको म्हटलं ना. राहू देत त्यांना." त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. तेजल वळली, आणि बापाचा चेहरा बघून तिनं माऊस सोडला. मग त्यानं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात, मान खाली घालून सांगितलं, विहारातली पोरं चूक कबूल करताना सांगतात तसं. यमुनाबाईंचा कावळा, टोपी, अंदमानची पाठमोरी बाई. "मला माहीत आहे ती नाही. पण तिला काय हवं होतं ते एवढ्यांनाच माहीत आहे गो. हे बंद केलंस तर मी कुणाला विचारू?"

तेजल हसली नाही. हसली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती त्या जाळ्याकडे बघत, अगदी हळू, लहान मुलाच्या पायातला काटा काढावा तशी म्हणाली, "पप्पा, केरूनं डिस्क कधी बदलली?"

"वीज पडली तेव्हा. वैशाखात."

"आणि बूट कधी आले?"

"श्रावणात."

ती पुढे काय म्हणणार ते सुहासला आधीच कळलं. तरी ती म्हणाली, म्हणावंच लागलं तिला. "मम्मीच्या ज्या काही खुणा होत्या, त्या त्या जळलेल्या डिस्कबरोबर गेल्या. वैशाखानंतर या मशिनीत मम्मी नाही. हे सगळे तिला ओळखतच नाहीत. हे तुम्हाला ओळखतात. या घरातल्या माणसाला जांभळे बूट हवेत, एवढंच त्यांना ठाऊक. तुम्ही बोट लावलंत, त्यांनी मोजे दाखवले. मोज्यांना लावलंत, पट्टा दाखवला. घेतलंत तरी सुटका नाही, घेणारा माणूस म्हणून उलट जास्त मागे लागतात." मग म्हणाली, "पण पहिल्यांदा तुम्ही कुठेतरी शोधले असणार. आधी शोधल्याशिवाय तेच बूट येणार नाहीत."

"मी नाही शोधले," सुहास म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला ती दुपार दिसली. श्रावणच. बाहेर ऊन-पावसाचा खेळ. दाराआडच्या कपाटातल्या चपलांना बुरशी आली होती, म्हणून त्यानं त्या पुसायला काढल्या, आणि तिची चप्पल हातात आली, अंगठ्यापाशी झिजून पातळ झालेली, पट्ट्यात काळ्या वाळूचे कण अजून तसेच. चप्पल हातात धरूनच तो खुर्चीत बसला होता. एका बोटानं, अक्षर अक्षर हुडकत, त्यानं लिहिलं होतं, जांभळे बूट बायकांचे. का लिहिलं, काय करायचं होतं, काहीच आठवत नाही. बघितले होते, तेच, पिवळ्या नाडीचे. मग चप्पल जाग्यावर ठेवली, हात धुतले, चहा केला, आणि ती दुपार डोक्यातून अशी साफ पुसून टाकली की दुसऱ्या दिवशी बूट समोर आले तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. आपलंच बोट, आपलंच भूत. यात तिचं काय होतं? टोपी तिची नव्हती. किटली तिची नव्हती. अंदमानला जाऊ म्हणणारी ती बाई कधी या घरात राहिलीच नव्हती. इतके महिने दुपारच्या वेळी जिच्याशी बोललो ती त्याच्याच बोटाखालून निघालेली, आणि आता तीही गेली. पहिल्या वेळी निदान माणसं आली होती, खांद्याला हात लावला होता कुणी कुणी. या दुसऱ्या मरणाला घरात फक्त तेजल होती.

"करू बंद?" तिनं शेवटी विचारलं.

"कर," सुहास म्हणाला.

तिनं दाबलं. रेघा गेल्या, त्रिकोण गेले. काळ्या चौकटीत वर्तुळं तेवढी राहिली, मग तीही तिनं पुसून टाकली. तो म्हणाला, "सगळीकडेच असतात का गो हे?" तेजल उठता उठता म्हणाली, "जवळजवळ सगळीकडे. काही साधी पानं असतात अजून, कुणीतरी हौसेनं केलेली. तिथे कुणी नसतं." आणि डोळे बाहीला पुसत ती यमुनाबाईंकडे झारा मागायला म्हणून निघून गेली, खरं तर त्याला थोडा वेळ एकटं सोडावं म्हणून. जाताना तिनं मधल्या मापाचे बूट स्वतःच्या पायाला लावून बघितले आणि दारापाशी ठेवले. सुहासनं ते बघितलं.

तो तिच्या खुर्चीत बसला. ऊन खिडकीतून फरशीवर आलं होतं, परसात दोघींचं हळू बोलणं चाललं होतं. साधं पान. रोज सकाळी ती जे उघडायची ते कसलं पान होतं? नाव आठवेना, पण बोटांनी हुडकता हुडकता सापडलं. करड्या रंगाचं, निळी अक्षरं, एक फोटो नाही की नक्षी नाही. बंदरातून निवृत्त झालेल्या कुणा गृहस्थानं स्वतःच्या हौसेनं केलेलं, किनाऱ्यावरच्या गावांची नावं एकाखाली एक आणि त्यांच्यापुढे भरती-सुकतीच्या वेळा. अंजनवेल होतं. मांडवी होतं. शेजारच्या काळ्या चौकटीत एक वर्तुळ आलं. सुहासनं तेजलनं त्रिकोणांवर घातलेली बंदी काढली, तेवढं त्याला जमलं, आणि वाट बघत बसला. त्रिकोण आला नाही. रेघ आली नाही. वर्तुळ नुसतं होतं, हलतही नव्हतं. त्याला आधी बरं वाटलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की असं एकटं तो वर्षभरात कधीच बसलेला नाही. कुणी बघत नव्हतं. कुणी विचारत नव्हतं. या पानापुढे ती वर्षानुवर्षं बसली, शाळेची घाई असताना, केसांचा अंबाडा बांधता बांधता, आणि या पानानं तिचं काहीसुद्धा ठेवून घेतलं नव्हतं. वेळ सांगितली आणि तिला जाऊ दिलं. सुहासला रडू फुटलं. ती गेली तेव्हा तो रडला नव्हता, माणसं होती, नंतर दुपारच्या वेळी रडायचा तेव्हा ती ऐकते आहे असं वाटायचं. आता कुणाला ऐकू जाणार नव्हतं, तिलाही नाही, आणि तो तोंडावर हात न ठेवता रडला.

बऱ्याच वेळानं त्यानं चष्मा पुसला. मांडवीच्या रांगेवर बोट ठेवलं आणि ती वाचायची तसं, जरा मोठ्यानं, मागे वळून न बघता वाचलं.

"आज सुकती साडेपाचला हां."

मागे पलंगावर कुणी नव्हतं. बरं म्हणणारा माणूस आता खुर्चीत बसला होता. त्यानं थोडा वेळ वाट बघितली, तिनं रोज किती वाट बघितली असेल तेवढी.

मग तोच म्हणाला, "बरं."